पुस्तकाआधी अंगण
(दिंडोशी येथे शिक्षक-सहलीच्या प्रसंगी केलेले भाषण)



आपल्या गावोगावच्या शाळांतून निघून आज आपण मुंबईच्या उपनगरात, दिंडोशीच्या टेकड्यांपाशी जमलो आहोत. भूगोल व विज्ञान कसे शिकवावे याविषयी मी दोन शब्द बोलावे, अशी आपली इच्छा आहे. उपदेश करण्यापूर्वी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो.

तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी चौथीच्या वर्गास सूर्यमाला शिकवीत होतो. डिसेंबरचे दिवस होते. "दुपारी बारा वाजता सूर्य कोठे असतो?" या प्रश्नास वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "डोक्यावर." एक मुलगा मात्र दाराशी जाऊन म्हणाला, "गुरुजी, सूर्य तर चिंचेच्या शेंड्यावर आहे." चिंच शाळेच्या दक्षिणेस होती व घड्याळात बाराच वाजले होते. मी बाहेर डोकावूनही पाहिले नाही; उलट त्यास तास संपेपर्यंत उभे केले. दुसऱ्या दिवशी त्यानेही "डोक्यावर" असे उत्तर दिले आणि मी त्याला शाबासकी दिली. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हा धडा मी त्यास शिकविला होता.

तो मुलगा दोन्ही परींनी बरोबर होता. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तास धरून चालतात. दिंडोशी त्याच्या पश्चिमेस साडेनऊ अंशांहून थोडी अधिक दूर आहे. पृथ्वीस एक अंश फिरावयास ४ मिनिटे लागतात. म्हणून येथील खरी मध्यान्ह सरासरीने बारा वाजून ३८-३९ मिनिटांनी होते. दुसरे असे की, दिंडोशीचे अक्षांश सुमारे १९ उत्तर. येथे सूर्य नेमका माथ्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस : मे महिन्याच्या मध्यास एकदा व जुलैच्या अखेरीस एकदा. मे महिन्यात शाळेस सुट्टी असते आणि जुलैत आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणजे जे दृश्य मुलांस शाळेत पाहावयास क्वचितच मिळते, तेच आपण त्यांच्याकडून वर्षभर पाठ करून घेतो!

यावर उपाय एका काठीचा आहे. एक मीटर उंचीची काठी ओळंबा धरून अंगणात सरळ रोवावी. बारा ते सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी मुलांनी खडा ठेवावा. सावली सर्वांत आखूड होते ती खरी मध्यान्ह, आणि ती सावली ज्या रेषेवर पडते ती दक्षिणोत्तर रेषा. येथे २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली सुमारे ९२ सेंटिमीटर भरेल. मार्च व सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना, सुमारे ३५. एकवीस जूनला आकाश निरभ्र लाभले तर ती जेमतेम ७ सेंटिमीटर असेल, व नवल म्हणजे उत्तरेऐवजी दक्षिणेस पडेल. आपल्या गावी हे आकडे थोडे निराळे येतील. ते का निराळे आले, हा प्रश्न मुलांनी विचारला की पृथ्वीचा कललेला आस शिकविण्याची वेळ आली असे समजावे. सूर्याकडे मात्र कोणी नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. आपले काम सावलीशी आहे.

आता आकाशातून खाली येऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळात पंचवीस-एक किलोमीटरवरील कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर पडला. "मुंबईत पाऊस किती पडला?" या प्रश्नास त्या दिवशी एक उत्तर नव्हते. मग आपल्या गावचा पाऊस तालुक्याच्या आकड्यावरून कसा कळावा? सरळ उभ्या बाजूंचा एक डबा झाडांपासून व छपरापासून दूर, उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने ५० चौरस मीटरच्या छपरावर त्या दिवशीच्या सांताक्रूझच्या पावसाचे ४७,२०० लिटर पाणी पडले असते. हे गणित मुलांनी स्वतः केले म्हणजे नाला का तुंबतो व पाणी का अडवावे, हे त्यांस वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटी पायाखालची जमीन. दिंडोशी मालाडमध्ये मोडते. मालाडच्या खाणींतील फिकट पिवळसर दगड, ज्यास ट्रॅकाइट म्हणतात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीस वापरलेला आहे. त्याच भिंतींत करडा बेसाल्टही आहे. दोन्ही दगड ज्वालामुखीचेच. रसातील द्रव्ये भिन्न, म्हणून रंग भिन्न. येथून जवळच अंधेरीस गिल्बर्ट टेकडी आहे. सुमारे ६० मीटर उंचीचा तो बेसाल्ट उभ्या खांबांची मोळी बांधावी तसा दिसतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी युगातील तो तप्त रस निवताना आकसला व त्यास भेगा पडल्या. हे दाखविण्यास अंधेरीस यावे लागत नाही. उन्हाळ्यात गावचे तळे आटले की तळाचा चिखल सुकताना आकसतो व त्याचे बहुकोनी तुकडे पडतात. कारणे वेगळी, एक निवून आकसतो, दुसरा वाळून. परंतु आकसणे व तडकणे एकच. मुलांस त्या तळ्यावर न्यावे.

काठी, डबा आणि सुकलेले तळे, यांस खर्च काहीच नाही. लागते ती एकच गोष्ट, आणि ती आपणांस जड जाते : मुलाचे उत्तर पुस्तकाहून निराळे आले तर त्यास उभे न करता आपण स्वतः उठून दाराशी जाणे. कधी मूल चुकले असेल, कधी पुस्तक अपुरे असेल. निवाडा अंगणात होईल.

त्या मुलाची क्षमा मागावयाचे माझ्याकडून राहून गेले. आपणांवर तशी पाळी येऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.