वीणेची तार आणि दहावीचा अभ्यास

(संस्थेच्या दहावी-बारावी विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



मी शिक्षिका नाही की डॉक्टर नाही. बँकेत क्लार्क आहे आणि माझे शिक्षण म्हणाल तर कला शाखेची पदवी. तरीही कार्यकारिणीने मला ह्या विषयावर बोलायला सांगितले, कारण परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत आपल्याकडच्या आया एकच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. "ताई, पोरगी पुस्तक घेऊन बसते, पण डोक्यात काही शिरत नाही म्हणते. दिवाळीपर्यंत चांगली होती, आता आळस भरलाय."

हा आळस नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आळशी मुलाला अभ्यास राहिल्याचे दुःख नसते, ते खुशाल क्रिकेट खेळते. ही मुले खेळतही नाहीत आणि त्यांचा अभ्यासही होत नाही. एकच पान चारदा वाचतात, शब्द डोळ्यांखालून जातात आणि अर्थ लागत नाही. पोटात दुखते, झोप लागत नाही, लहानशा बोलण्यावरून रडू येते. जो विषय आवडीचा होता त्याचेच पुस्तक नकोसे होते. इंग्रजीत ह्याला बर्नआऊट म्हणतात. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची अशी दशा पाहून फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली त्यावर लेख लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जी व्याख्या स्वीकारली ती केवळ नोकरीतील ताणापुरती आहे. पण सकाळी सातची शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास आणि रात्री गृहपाठ, ही नोकरी नाही तर काय? तिला रविवारची सुट्टीसुद्धा नाही. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचे तर भात करपतो तसे हे आहे. करपायला लागलेल्या भाताखालचा जाळ वाढवून तो चांगला शिजत नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटायला नको. अंगुत्तर निकायात आणि विनयाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. चंपानगरीच्या अतिश्रीमंत घरातला हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ सीतवनात साधना करू लागला. चालत चालत ध्यान करताना त्याचे कोवळे पाय फुटून रक्त आले, तरी तो थांबेना. शेवटी त्याच्या मनात आले, मी कोणापेक्षा कमी कष्ट करीत नाही, तरी मला काही साधत नाही, त्यापेक्षा घरी परत जावे. भगवान बुद्ध त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्यांनी त्याला वीणेबद्दलच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार ढिल्या सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नांचेही तसेच आहे, असे त्यांनी समजावले.

विद्यार्थ्यांनो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. भगवंतांनी सोणाला साधना सोडून दे असे सांगितले नाही. तार ढिली सोडा म्हणणारा मनुष्य तुमचा मित्र नाही. त्यांनी तार जुळवायला सांगितली, आणि त्याच सोणाने पुढे अर्हतपद मिळवले.

आता थोडे अवघड बोलते. आपल्या समाजात मुलांना ऊठसूट सांगितले जाते की बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, आणि तू चार तासांत दमतोस? 14 एप्रिलच्या सुमारास ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एक दिवसाचे अभिवादन म्हणून तो मला मनापासून आवडतो. पण पंधरा वर्षांच्या मुलाचे ते रोजचे वेळापत्रक करणे आणि बाबासाहेबांचे नाव छडीसारखे वापरणे मला पटत नाही. चरित्रकार धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या शाळकरी दिवसांचे वर्णन केले आहे. परळच्या चाळीत एकच खोली, तीत संसाराचे सारे सामान. भीमराव लवकर झोपत. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. आपण दोनला उठण्याची गोष्ट सांगतो आणि त्याआधीची झोप विसरतो. त्या झोपेची राखण करायला बाप जागा होता, हे तर कोणीच सांगत नाही.

घरात जागा नाही म्हणून भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची आणि त्यांची ओळख झाली. 1907 साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते, म्हणजे आजच्या हिशेबाने अडतीस टक्क्यांच्या आत. त्या यशाबद्दल सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे काय घडले ते ह्या सभागृहात मी सांगायला नको. नव्वद टक्क्यांना दोन टक्के कमी पडले म्हणून तोंड लपवणाऱ्या मुलाने 282 हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आता व्यवहाराचे बोलू. बँकेत संध्याकाळी कॅश जुळत नाही तेव्हा तीच बेरीज पाचव्यांदा करणारा पाचव्यांदाही तिथेच चुकतो. जुनी माणसे सांगतात, उठ, चहा घेऊन ये, नाहीतर शेजारच्याला मोजायला दे. अभ्यासातही तेच करा. पाऊण तास झाला की उठा, पाणी प्या, अंगणात फेरी मारा. वडाळे तलाव जवळ असेल तर संध्याकाळी एक चक्कर मारून या. मोबाईल हातात घेणे ही विश्रांती नव्हे, त्याने डोळे आणि डोके दोन्ही अधिक थकतात. पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि आठवेल ते कागदावर लिहा, किंवा धाकट्या भावाला समजावून सांगा. पाच वेळा वाचण्यापेक्षा ह्याने अधिक लक्षात राहते. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेत चालते, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीची जाग हा तोट्याचा सौदा आहे.

पुष्कळ भीती हिशेब न केल्याने वाटते. दहावीच्या भाषा विषयाला लेखी 80 आणि तोंडी वगैरे 20 गुण. गणित आणि विज्ञानाचे दोन भाग मिळून 80, अंतर्गत 20. पास व्हायला 35 लागतात. टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढतात, ही पद्धत 2010 पासूनची. 2015 पासून नापास विद्यार्थ्याला ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही, निकालानंतर थोड्याच आठवड्यांत फेरपरीक्षा होते. अर्थात गाफील राहण्यासाठी मी हे सांगत नाही. एका पेपरावर सारे आयुष्य टांगलेले नाही, एवढे कळले की तोच पेपर बरा जातो.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण लोकलने मुंबईला जातात आणि रात्री नऊला घरी येतात. आल्या आल्या "किती धडे झाले" हा पहिला प्रश्न नसावा. जेवलास का, असे विचारा. शेजारच्या मुलाचे टक्के घरात आणू नका. आणि मूल सतत गप्प राहू लागले, जेवण सोडले, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर नजर काढत बसू नका आणि रागावूही नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 2022 सालापासून आहे, 14416 ह्या नंबरावर दिवसरात्र फुकट बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. हा नंबर मुलांनी स्वतःही लिहून घ्यावा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेवटी संस्थेकडे एक मागणे आहे. सोणाच्या कथेचा पुढचा भाग महावग्गात आहे. त्याचे पाय पाहून भगवंतांनी त्याला एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, एकट्याला नकोत, साऱ्या संघाला परवानगी असेल तर मीही वापरीन. आणि साऱ्या संघाला ती मिळाली. ज्याच्या घरी वेगळी खोली आहे त्याचे निभते. पण आपल्याकडे एका खोलीत सहा माणसे आणि टीव्ही अशी घरे अजून आहेत. तेव्हा जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत विहाराचा हॉल संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासासाठी उघडा ठेवावा, दिवे आणि पंखे चालू असावेत आणि मुलींना घरी सोडायला दोन उपासिकांची पाळी लावावी. पहिल्या आठवड्याची पाळी मी घेते. दुसरे असे की बारावीची परीक्षा आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू होते. 2025 साली ती 11 फेब्रुवारीला सुरू झाली. 7 फेब्रुवारीला आपण माता रमाईंची जयंती करतो. ती थाटात व्हावी, पण त्या आठवड्यात लाऊडस्पीकरचे तोंड हॉलच्या आत असावे आणि रात्री नऊला तो बंद व्हावा, असा ठराव कार्यकारिणीने आजच करावा अशी विनंती करते. जयभीम, नमो बुद्धाय.