चिमूरची बातमी आणि नववीचा वर्ग



नववी-दहावीच्या मुलांना 1942 ची चळवळ तोंडपाठ असते. गवालिया टँक, 'चले जाव', सगळं उत्तरपत्रिकेत नीट उतरतं. पण वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी चालू असताना एका गावची बातमी दुसऱ्या गावी कशी पोचत होती, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून सेन्सॉरशिप शिकवताना मी कायद्याच्या कलमांपासून सुरुवात करत नाही. एकच बातमी घेते, चिमूरची.

16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या या गावात मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जमाव खवळला आणि त्यानं सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. मग लष्कर आलं. पुरुषांची धरपकड झाली, मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. नागपूरहून काही स्त्रिया तिथं गेल्या, त्यांनी जबान्या लिहून घेतल्या. तरी सरकार चौकशीला तयार होईना. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी त्यासाठी उपोषण मांडलं, तर उपोषणाची बातमी छापायलाही बंदी! या बंदीच्या निषेधार्थ 6 जानेवारी 1943 ला देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. भन्साळींचं उपोषण 63 दिवस चाललं.

एवढं सांगून मी मुलांच्या हातात ही बातमी आणि लाल पेन्सिल देते. 'तुम्ही सेन्सॉर अधिकारी. काय कापाल?' मुलं आधी विशेषणं कापतात, 'क्रूर', 'निर्दय' वगैरे. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की विशेषणं गेली तरी बातमी जिवंतच आहे. मग गावाचं नाव जातं, तारीख जाते, जबान्या जातात. सत्तेला भीती कशाची असते, हे मुलांना तिथं स्वतःला सापडतं. मी सांगून ते इतकं पोचलं नसतं.

त्यानंतर प्रश्न येतो, कापलेला मजकूर लोकांपर्यंत न्यायचा कसा? इथं सायक्लोस्टाइल समजावून सांगावं लागतं, कारण या मुलांनी झेरॉक्सच्या आधीचं काही पाहिलेलं नसतं. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टाइप करायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण निघून जातं. नाहीतर टोकदार लेखणीनं हातानं कोरायचं. मग तो रोळावर चढवायचा आणि शाई आतून झिरपत एकेका कागदावर उतरायची. हात काळे व्हायचे. हस्ताक्षरावरून माणूस ओळखू येण्याची धास्ती असायची. कोऱ्या कागदांची रिमं एकदम विकत घेतली तरी कुणाच्या डोळ्यावर यायचं. 1942 मध्ये मुंबईत अशा पत्रिका निघत, हातोहात वाटल्या जात.

आणि रेडिओवर बोलत असताना उषा मेहतांना कशी विसरेन? वय अवघं 22. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारख्या बदलायच्या. छापायला बंदी असलेल्या चिमूर आणि आष्टी या गावांच्या हकिकती त्यांनी हवेतून देशाला ऐकवल्या. 12 नोव्हेंबर 1942 ला गिरगावच्या पारेखवाडीत पोलिसांनी त्यांना प्रक्षेपण चालू असतानाच पकडलं. त्यांना 4 वर्षांची शिक्षा झाली. पुढे याच बाईंनी मुंबईत वर्षानुवर्षं कॉलेजच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवलं.

एक गोष्ट मात्र मी हटकून सांगते. भूमिगत पत्रक म्हणजे वेदवाक्य नव्हे. घाईत, ऐकीव माहितीवर लिहिलेलं त्यात पुष्कळ असतं. चिमूरला मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांनाही घरदार होतं, हेही मुलांना सांगितलंच पाहिजे. बंदी घातली म्हणून मजकूर आपोआप खरा ठरत नाही. पण बंदीमुळे खरंखोटं तपासायची वाटच बुजते, आणि माझा सगळा राग त्यावर आहे.

शिक्षकांना एक विनंती. सेन्सॉरशिप 1942 बरोबर संपली नाही; 1975 ते 77 च्या आणीबाणीतली सायक्लोस्टाइल पत्रकं अजून कुणाकुणाच्या घरी ट्रंकेत पडून असतील. मुलांना आजी-आजोबांकडे चौकशी करायला पाठवा. कागद मिळाला तर त्याचा फोटो काढा. तो कुणी दिला, कुठं वाटला होता, हे वहीत लिहून घ्या. आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत करा.