बधिर चट्टा आणि टी-पेशी



उमरठला किंवा पोलादपूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर आशाताई कुष्ठरोगाची चौकशी करत दारात आल्या, की पाठ दाखवायला माणसं कां-कूं करतात. तपासणी खरं तर अगदी साधी. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर दवाखान्यात डोळे मिटायला सांगतात आणि पेनाच्या टोकानं कातडीला हलकेच स्पर्श करतात. जिथं स्पर्श झाला, तिथं आपण बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं. बधिर चट्ट्यावर पेन टेकलं, तरी माणूस ‘अजून लावलं नाही का?’ असं विचारतो.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेननं १८७३ साली शोधला. जंतू जवळजवळ सगळीकडे एकच. पण एकाला एखाददुसरा चट्टा येतो, दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या जाड होऊन अंगावर गाठी उठतात, आणि संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. एवढा फरक पडतो तो मुख्यतः टी-पेशींमुळे.

टी-पेशी या पांढऱ्या पेशींपैकीच. जन्म अस्थिमज्जेत, तयारी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. आपल्याच शरीरावर उलटू शकतील अशा बहुतेक पेशी तिथंच बाद होतात. या पेशींना अख्खा जंतू ओळखता येत नाही. भक्षक पेशी जंतू गिळते, त्याच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि एकेक तुकडा एचएलए नावाच्या रेणूत बसवून आपल्या पृष्ठभागावर मांडते. उकरलेल्या मातीवरून शेतकरी रानडुक्कर ओळखतो, तशी टी-पेशी त्या तुकड्यावरून जंतू ओळखते. मात्र तुकडा आणि रेणू दोन्ही जुळावे लागतात. ही दुहेरी ओळख डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवली आणि १९९६ साली त्यांना नोबेल मिळालं.

कुष्ठजंतू भक्षक पेशींच्या पोटात आणि मज्जातंतूंच्या आवरणात दडून बसतो. अँटीबॉडी पेशीच्या आत त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून अंगभर गाठी आलेल्या रुग्णाच्या रक्तात त्या भरपूर असूनही रोग हटत नाही. तिथं मदतनीस टी-पेशीच हवी. ती गॅमा इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते, त्यानं भक्षक पेशी चेतते आणि पोटातले जंतू मारते. विषाणू शिरलेल्या पेशी संपवायचं काम मारक टी-पेशींचं.

ज्याच्या टी-पेशी कुष्ठजंतूवर तुटून पडतात, त्याला चट्टे थोडे येतात. ज्याच्या गप्प राहतात, त्याच्या अंगात जंतूंचं रान माजतं. पण तुटून पडण्याचीही किंमत असते. लढाई मज्जातंतूत झाली, की तोच जायबंदी होतो. म्हणून जंतू मोजकेच सापडले, तरी चट्टा बधिर असतो. मुंबईत परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी अशा सुरुवातीच्या चट्ट्यांतल्या मज्जातंतूंचा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईनं अभ्यास केला होता.

टी-पेशी कमी पडल्या, तरी औषधं आहेत. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पाचपर्यंत चट्टे असतील, तर साधारण ६ महिने, त्याहून जास्त असतील, तर १२ महिने घ्यायच्या. मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, हातापायांतली ताकद कमी झाली, तर गोळ्या लागू पडत नाहीत असं समजून त्या सोडू नका. बहुधा टी-पेशींनी एकदम जोर धरलेला असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. वेळेवर स्टिरॉइड मिळालं, तर मज्जातंतू वाचू शकतो.

चुलीवरचं पातेलं उतरवताना फोड आला आणि चटका कळलाच नाही, असं एकदा जरी झालं, तरी थांबू नका. गोळ्यांनी जंतू मरतात, पण मेलेला मज्जातंतू गोळ्यांनी परत येत नाही.