वाणीचा मुचलका



सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या मनुष्याचे कर्तृत्व जवळून पाहण्याची संधी फार थोड्यांना लाभते. बाकीचा समाज त्याला ओळखतो तो त्याच्या वाणीवरून. तो कोणत्या भाषेत बोलतो, समोरच्यांना कोणत्या नात्याने हाक मारतो, कोणता शब्द योजतो आणि कोणता कटाक्षाने टाळतो, यांवरून लोक त्याच्याविषयीचे आपले मत बनवीत असतात. आणि हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक विचारी वक्ता आपली भाषा, व तिच्याद्वारे आपली लोकांतील प्रतिमा, जाणीवपूर्वक घडवीत असतो. यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. मात्र अशी प्रतिमा घडविणे म्हणजे लोकांपाशी एक मुचलका लिहून देणेच होय, आणि त्याच्या अटी पाळण्याची जबाबदारी वक्त्यावर जन्मभर राहते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, ते लॉर्ड कर्झन यांच्यासारख्या करारी व्हाइसरॉयसमोर, इंग्रजीत आणि आकड्यांच्या आधाराने. खजिन्यातील शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून जादा करआकारणीचे फळ आहे, हा मुळात अत्यंत कडवट मुद्दा त्यांनी एकही कडवट शब्द न वापरता मांडला. आणि पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, तेव्हा या संयमी वाणीचे वजन देशाच्या ध्यानात आले. परंतु हा संयम आयता मिळालेला नव्हता. 1897 साली, प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाविषयी विलायतेत केलेले आरोप पुराव्याने शाबीत करता न आल्यामुळे, त्यांनी जाहीर माफी मागितली होती आणि त्यापायी स्वकीयांची कठोर निर्भर्त्सना सोसली होती. त्यांच्या प्रत्येक आकड्यामागची सावधगिरी ही अशी भारी किंमत देऊन मिळविलेली होती.

लोकमान्य टिळकांचा श्रोता निराळा होता, म्हणून त्यांची भाषाही निराळी होती. मंडालेच्या तुरुंगातून सुटून आल्यानंतर, 1916 च्या मे महिन्यात बेळगावला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नगरला त्यांनी होमरूलवर मराठीत जी व्याख्याने दिली, त्यांत अलंकारांचा सोस नाही. घरातला वडीलधारा मनुष्य वाटणीचा व्यवहार समजावून सांगतो तशी ती भाषा आहे: प्रश्न टाकावा, आपणच उत्तर द्यावे, आणि श्रोत्याची मान डोलल्याखेरीज पुढे जाऊ नये. बादशहा वेगळा आणि त्याच्या नावाने कारभार हाकणारी नोकरशाही वेगळी, हा राज्यशास्त्रातील सूक्ष्म भेद त्यांनी देव आणि पुजारी यांच्या दृष्टांताने सांगितला. देव बदलण्याचे कारण नाही, तक्रार आहे ती पुजाऱ्याबद्दल, हे पंढरीची वारी करणाऱ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. सरकारने या व्याख्यानांबद्दल त्यांच्याकडे वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जीनांनी टिळकांची बाजू मांडली, आणि व्याख्यान तुटक वाक्यांवरून नव्हे तर समग्र वाचून पारखावे, अशी दृष्टी ठेवून हायकोर्टाने तो हुकूम नोव्हेंबरात रद्द केला. सरकारी मुचलका असा सुटला. परंतु लोकांना त्यांनी दिलेला मुचलका त्याहून जुना होता, आणि 1908 साली सहा वर्षांची शिक्षा पत्करून त्याची फेड त्यांनी आगाऊच केलेली होती. साध्या भाषेला तेज चढले ते त्यामुळे.

तिसरे उदाहरण गाडगे महाराजांचे. अक्षरओळख नसलेला, अंगावर चिंध्यांचा अंगरखा आणि हाती खराटा असलेला हा पुरुष दिवसा गाव झाडी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. शास्त्रीपंडितांची भाषा बोलून प्रतिष्ठा मिळविण्याचा मोह त्यांना शिवला नाही. ते आपल्या वऱ्हाडी बोलीतच बोलत. बोकड कोणी कापला, कर्ज कोणी काढले, पोराला शाळेत का नाही घातले, असे प्रश्न ते समोरच्या शेतकऱ्याला करीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेत. त्यामुळे हजारोंचा समुदाय नुसता ऐकत नसे, तर स्वतःच्या वर्तनाची कबुली देत असे. आपण कोणाचे गुरू नाही, आपला कोणी शिष्य नाही, असे ते पुनःपुन्हा सांगत. आणि पाया पडावयास येणाऱ्यावर काठी उगारून तो शब्द तेथल्या तेथे खरा करून दाखवीत. लाखांनी जमलेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतः महाराज मात्र मडक्यात मागून आणलेली भाकरी खात राहिले. बोलीतला साधेपणा आणि राहणीतला साधेपणा यांत तसूभर अंतर नव्हते, म्हणूनच त्या बोलीवर समाजाने विश्वास टाकला.

या तिघांच्या भाषा भिन्न, श्रोते भिन्न, मार्गही भिन्न. परंतु ज्या गुणाची हमी त्यांच्या वाणीने दिली, तो गुण त्यांच्या आचरणात होता, हे तिघांतील साम्य आहे. आज सभेसभेतून ग्रामीण बोलीचा, आकड्यांचा किंवा त्यागाच्या भाषेचा आधार घेऊन लोकांपुढे येणारे पुष्कळ आहेत. त्यांची भाषा उसनी आहे की कमावलेली, हे ओळखण्याचे काम श्रोत्यांचे आहे. आणि ते काही अवघड नाही. बोलणाऱ्याने आपल्या शब्दांपायी काय सोसले, काय सोडले आणि चूक झाली तेव्हा ती कबूल केली की नाही, एवढी तीन कलमे तपासून पाहावी. नभोवाणीवर तर वक्त्याचा पोशाख दिसत नाही, मुद्रा दिसत नाही, केवळ आवाज घरात येतो. म्हणून ही तपासणी येथे दुप्पट दक्षतेने झाली पाहिजे, आणि माझ्यासारख्या बोलणाऱ्यालाही तिच्यातून सूट देता कामा नये.