न जन्मलेल्या बाळाच्या पोटांतील गांठ

अमरावती व अकोला यांच्या मध्यें मूर्तिजापूर आहे. तेथील एखादी गर्भवती आठव्या महिन्यांत यांपैकीं एका शहरीं सोनोग्राफीसाठीं जाते आणि डॉक्टर सांगतात कीं, बाळाच्या पोटांत पाण्याची गांठ दिसते. गांठ म्हटल्याबरोबर घरच्यांपुढें कर्करोग उभा राहतो. वस्तुतः अशा वयांत अंडाशयाची गांठ कर्करोगाची असणें अत्यंत विरळ. आईच्या व वारेच्या संप्रेरकांनीं गर्भांतील मुलीचा अंडाशय चेतविला जातो व त्यांतील एखादा सूक्ष्म कोश पाण्यानें फुगतो, इतकेंच. जन्मानंतर तीं संप्रेरकें ओसरतात आणि लहान गांठ बहुधा कांहीं महिन्यांत आपोआप जिरते.

परंतु हें सारें आईस स्पष्ट सांगतां येत नाहीं. महाराष्ट्रानें १९८८ मध्यें व केंद्रानें १९९४ मध्यें कायदा केला. त्यान्वयें गर्भाचें लिंग शब्दानें वा खुणेनेंही सांगणें गुन्हा आहे. ‘अंडाशय’ म्हटलें कीं मुलगी हें उघड झालेंच! म्हणून ‘उदरांतील पाण्याची गांठ’ एवढ्यावर थांबावें लागतें. आंतड्याच्या वा पित्तनलिकेच्या गांठी पुष्कळशा तशाच दिसतात, तेव्हां तें लिहिणें खोटेंही नव्हे. आईबापांनीं खोदून विचारूं नये. हें मौन सोसावयास कठीण खरें. पण ज्या मुलींस जन्मच नाकारला गेला, त्यांच्यापायीं तें आलें आहे.

गांठ चार सेंटिमीटरच्या आंत व तिच्यांतील पाणी स्वच्छ असल्यास कांहीं आठवड्यांनीं पुन्हा पाहतात. केवळ तिच्यासाठीं पोट फाडून प्रसूति करण्याचें सहसा कारण नसतें. मोठ्या गांठीचें भय निराळें. तिच्या भारानें अंडाशयास पीळ पडतो, रक्त थांबतें व अंडाशय निकामी होतो. मग स्वच्छ पाण्यांत गढूळ थर व पडदे दिसूं लागतात.

जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी होते व आतां कागदावर ‘अंडाशय’ हा शब्द येतो. गांठ लहान असेल तर ती जाईपर्यंत तपासणी चालू ठेवावयाची. मोठी, गढूळ वा न जिरणारी असेल तर बालशल्यचिकित्सक दुर्बिणीनें शस्त्रक्रिया करतात व शक्य तोंवर अंडाशय राखतात. या महिन्यांत बाळ वारंवार ओकूं लागलें, पोट फुगलें, रडें थांबेना, तर पोटास हिंग लावून सकाळची वाट पाहूं नये. बालशल्यचिकित्सक कोणत्या रुग्णालयांत आहेत, अमरावतीस कीं अकोल्यास, हें प्रसूतीपूर्वींच विचारून ठेवावें.