कार्ल्याचा सुतार, नाझरेथचा सुतार



एकवीरा आईच्या दर्शनाला आलेले भाविक शेजारच्या कार्ला चैत्यगृहातही डोकावतात. दारापाशी कोरलेल्या ब्राह्मी ओळींकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार घडवले, एवढाच त्यांतल्या एका ओळीचा मजकूर. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. सामी होऊन गेला की नाही, असा वाद आजवर कुणी घातलेला नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात येशूलाही सुतार म्हटले आहे. त्याच्या नावाचा समकालीन शिलालेख नाही. म्हणून तो झालाच नाही, असे म्हणता येईल का?

मावळातलाच दुसरा दाखला पाहू. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख याच लेण्यात आहे. पुढे सातवाहनांची सत्ता आली. गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जाणारा आदेश मामाळच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला उद्देशून निघाला आणि ते गाव भिक्षूंकडेच राहिले. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. म्हणजे नहपानाच्या अस्तित्वाची साक्ष त्याच्या शत्रूनेच दिली. अशा साक्षीला इतिहासात फार वजन असते.

येशूच्या बाबतीत हेच वजन रोमन इतिहासकार टॅसिटसचे आहे. त्याला ख्रिस्ती पंथाचा तिटकारा होता. तरीही इ.स. 116 च्या सुमारास त्याने लिहिले, की तिबेरियस सम्राटाच्या काळी रोमन अधिकारी पाँतियस पिलात याने ख्रिस्ताला देहदंड दिला. पिलाताचे पद सांगताना मात्र तो चुकला. 1961 मध्ये कैसरियात सापडलेल्या शिलालेखावरून पिलाताचे पद प्रीफेक्टचे होते, हे कळले.

ज्यू इतिहासकार जोसेफसचा ग्रंथ इ.स. 93-94 चा. त्यात येशूचे दोन उल्लेख आहेत. पहिल्यात पुढच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, हे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरा जाता जाता आला आहे: याकोबची ओळख 'येशूचा भाऊ' अशी दिली आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाची पत्रे याहूनही जुनी, इ.स. 50 च्या दशकातली. आपण याकोबला प्रत्यक्ष भेटलो, असे पौल त्यांतल्या एका पत्रात लिहितो.

मराठीतही या विषयावर लिहिले गेले. बाबाराव सावरकरांच्या 1946 च्या 'ख्रिस्त परिचय' या पुस्तकात येशू मूळचा तमिळ हिंदू असल्याचा दावा आहे. त्या दाव्यामागे पहिल्या शतकातली एकही साक्ष उभी राहत नाही.

पिलाताच्या हुकमाने क्रुसावर गेलेला येशू नावाचा एक ज्यू उपदेशक होऊन गेला, इतके या साधनांवरून सिद्ध होते, आणि श्रद्धा नसलेले इतिहासकारही बहुतेक ते मान्य करतात. त्याचे चमत्कार आणि पुनरुत्थान यांचा निवाडा या साधनांच्या आवाक्यात नाही. पुढच्या वेळी कार्ल्याला जाल तेव्हा सामीची ती ओळ जरूर शोधा.