मृत्यूचे काम : वेठ आणि व्यवसाय
(राळेगणसिद्धी, ता. पारनेर येथे दिलेले भाषण)



गावात कोणी मेले की परगावच्या आप्तांकडे सांगावा कोणी न्यावयाचा? स्मशानात सरपण कोणी वाहावयाचे? मेलेले ढोर कोणी ओढावयाचे? आपल्या वाडवडिलांनी. मोबदला काय, तर मढ्यावरचे कापड, बलुत्याचे चार दाणे आणि वतनाचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याने या वेठीवर सरकारी शिक्का बसला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. १९३९ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यात, हरेगावी, वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतने मोडली ती मात्र १९५८ च्या कायद्याने.

हेच मृत्यूचे काम अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी कसे केले ते पाहा. गोरे अंत्यविधीवाले त्यांच्या प्रेतांना हात लावीनात; लावलाच तर अपमानाने. तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतःच हा व्यवसाय काढला व पिढ्यान्‌पिढ्या चालविला. गिऱ्हाईक आपलेच, दर आपला, मालकही आपणच; म्हणून गोऱ्या धनिकाला त्यांची भाकरी सहजी तोडता येईना.

१९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला. पेटी उघडावयाची नाही, अशा अटीवर प्रेत शिकागोला आले. मातेने मुलाचे मुख पाहण्याचा आग्रह धरला, आणि ए. ए. रेनर या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने ती पेटी उघडली. हजारोंनी ते विदीर्ण मुख पाहिले. सर्व गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना सोडले. परंतु खून झाकता आला नाही. गोऱ्याच्या मेहेरबानीवर जगणाऱ्या माणसाला ही पेटी उघडवली असती काय?

बर्मिंगहॅमच्या ए. जी. गॅस्टन यांनी १९२३ मध्ये दफनखर्चासाठी वर्गणी घेणारी संस्था काढली आणि सासऱ्यासह अंत्यविधीचा व्यवसाय उभारला. गृहस्थ सावध, मोर्चे त्यांना फारसे रुचत नसत. तरी १९६३ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जामिनाची रक्कम त्यांनीच भरली. जामीन घोषणांनी होत नाही, हे आम्हां वकिलांना रोज दिसते.

आपण धम्मदीक्षेच्या प्रतिज्ञांनी श्राद्ध व पिंडदान सोडले. तो वाचलेला पैसा वस्तीच्या अंत्यविधी-निधीत टाका. सात जण मिळाले की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविता येते. हिशेबाची वही मात्र स्त्रियांच्या हाती द्या. आणि कोणी पूर्वीची रीत सांगून प्रेत वा मेलेले ढोर उचलावयास लावील, तर अत्याचारविरोधी १९८९ च्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरला आहे. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातींतच गणले जाते, म्हणून हे संरक्षण आपलेही आहे. जातीचा दाखला काढून ठेवा व फिर्याद लेखी द्या.